मोठ्यांचा ब्राँकिओलायटिस: आधी कारण शोधा, मग औषध

सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर शेवटच्या दोन ओळींत 'ब्राँकिओलायटिसची शक्यता' असं छापून येतं. घरी जाऊन नेटवर शोधावं तर सगळी माहिती तान्ह्या बाळांची: आरएसव्ही विषाणू, वाफ, ऑक्सिजन, आठवडाभरात बरं. पन्नाशीतल्या माणसाला यातलं फारसं लागू पडत नाही. ब्राँकिओलायटिस म्हणजे फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक श्वासनळ्यांची सूज किंवा वण. मोठ्यांमध्ये हा आजार विडी-सिगारेटमुळे होतो, संधिवातामुळे होतो, कारखान्यातल्या वायूमुळे होतो, कबुतरांमुळे, क्षयामुळे, पोटातलं आम्ल वर येऊन किंवा बोन मॅरो बदलल्यानंतरही होतो. उपचार प्रत्येकाचा वेगळा. एकाला जे औषध तारतं तेच दुसऱ्याला नुकसान करतं.

आपल्याकडे मात्र सरसकट काय होतं, तर 'दम्यासारखंच काहीतरी आहे' म्हणून पंप, जोडीला स्टिरॉइडच्या गोळ्या, आणि दर महिन्याला एक नवं अँटिबायोटिक. दोन वर्षांनी रुग्णाची साखर वाढलेली असते, तोंड सुजलेलं असतं आणि जिना चढताना धाप तशीच. हा लेख त्या दोन वर्षांआधी वाचावा अशा माणसासाठी आहे. डोस दिले आहेत ते डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून, दुकानातून गोळ्या आणून स्वतः घ्यायला नव्हे.

पहिली पायरी: दुखणं खरंच बारीक नळ्यांचं आहे का?

दोन मिलिमीटरपेक्षा बारीक, कूर्चा नसलेल्या श्वासनलिका म्हणजे ब्राँकिओल. एकेक नळी बारीक असली तरी त्यांची संख्या इतकी प्रचंड की सगळ्यांची मिळून रुंदी मोठ्या नळ्यांपेक्षा कितीतरी जास्त भरते. त्यामुळे बऱ्याच नळ्या बिघडेपर्यंत शरीर तक्रार करत नाही. सुरुवातीला कोरडा खोकला, चढावर लागणारा दम एवढंच. छातीचा साधा एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ येतो, आणि 'एक्स-रे चांगला आहे, टेन्शन घेऊ नका' म्हणून माणूस घरी पाठवला जातो.

दोन तपासण्या मन लावून करून घ्यायच्या.

एक, फुंकायची तपासणी, म्हणजे पीएफटी. नुसती स्पायरोमेट्री पुरत नाही. पंपाचं औषध देऊन पुन्हा फुंकायला लावतात, तो भाग वगळू देऊ नका. दम्यात औषधानंतर आकडा चांगला वर येतो. नळ्यांत वण पडलेल्या ब्राँकिओलायटिसमध्ये तो जवळपास हलत नाही. फुप्फुसात अडकून राहणारी हवा मोजणारी चाचणी आणि डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो, ते मोजणारी चाचणी) जिथे होते अशा मोठ्या केंद्रात एकदा तरी जावं. साध्या स्पायरोमेट्रीचे आकडे ठीक असूनही अडकलेली हवा वाढलेली निघते, ती तिथेच कळते.

दुसरी, एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचे बारीक काप दाखवणारा सीटी स्कॅन. इथे एक बारकावा आहे आणि तो बहुतेक सेंटरवर सुटतो. श्वास आत घेऊन काढलेल्या फोटोंसोबत श्वास पूर्ण सोडून काढलेले फोटोही हवेत. टेबलावर झोपल्यावर टेक्निशियन म्हणतो, "श्वास घ्या, थांबा." पाच सेकंदांत काम झालं. पण खरी गोष्ट पुढच्या सूचनेत असते: "सोडा, सोडा, अजून सोडा, आता थांबा." निरोगी फुप्फुस हवा गेल्यावर फोटोत राखाडी होतं. ज्या भागातल्या नळ्या बंद पडल्यात तिथली हवा बाहेरच येत नाही, म्हणून ते तुकडे काळेच राहतात. राखाडी आणि काळ्या ठिगळांची ही गोधडी दिसली की निदान निम्मं झालं. चिठ्ठीवर 'श्वास सोडलेले फोटोसुद्धा' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. नाहीतर स्कॅन पुन्हा करावा लागतो, पुन्हा पैसे आणि पुन्हा किरण.

दुसरी पायरी: सूज की वण?

हा फरक कळला की पुढचं बरंच काही आपोआप उलगडतं. काही ब्राँकिओलायटिसमध्ये नळीच्या भिंतीत पेशींची गर्दी झालेली असते, आत चिकट स्राव साठलेला असतो. सीटीवर बारीक ठिपके दिसतात, कधी फांदीला कळ्या फुटाव्यात तशी नक्षी, ज्याला रिपोर्टमध्ये 'ट्री-इन-बड' म्हणतात. ही सूज कारण दूर केलं तर उतरू शकते. दुसऱ्या प्रकारात नळीभोवती वण तयार होऊन ती आवळली जाते, हा ऑब्लिटरेटिव्ह ब्राँकिओलायटिस. तिथे ठिपके नसतात, ती काळी-राखाडी ठिगळंच असतात. गेलेली नळी परत उघडत नाही. उपचाराचा हेतू उरलेल्या वाचवणं हा असतो, आणि डॉक्टरांनी हे रुग्णाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवं. 'महिन्याभरात बरे व्हाल' ऐकून गेलेला माणूस तिसऱ्या महिन्यात औषधच सोडतो.

भारतात ट्री-इन-बड दिसलं की सगळ्यात आधी क्षयाचा विचार करायचा, मग बाकीचं. सकाळचा बेडका सीबीनॅट (क्षयाचे जंतू ओळखणाऱ्या) चाचणीला पाठवायचा, बेडका येत नसेल तर दुर्बिणीतून फुप्फुस धुऊन नमुना घ्यायचा. हे होण्याआधी लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखं औषध 'बघू तर' म्हणून सुरू केलं तर क्षय काही आठवडे दबतो आणि निदान लांबतं. स्टिरॉइड सुरू केलं तर तो फोफावतो. क्षय निघाला तर औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात, साध्या क्षयाला सहा महिने.

तिसरी पायरी: खोदून विचारणं

दुर्बिणीपेक्षा आणि बायोप्सीपेक्षा इथे जास्त सापडतं. नोकरी आत्ताची नव्हे, आयुष्यभराची विचारायची. सकाळी सांधे आखडतात का, डोळे-तोंड कोरडं पडतं का, वर्षातून किती वेळा सर्दी छातीत उतरते, जेवताना ठसका लागतो का, आडवं झालं की आंबट पाणी वर येतं का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कधी अंगावर फोड येऊन कातडी सोलली होती का, असं सगळं.

आणि पक्षी. याचं उत्तर पहिल्या फटक्यात कधीच खरं येत नाही. कबुतरं आहेत का घरी, विचारल्यावर काकू म्हणतात, "छे हो डॉक्टर, आम्ही कुठली पाळतोय." एसीच्या मागे बघितलंय का, विचारल्यावर, "तिथे आहेत की! पिल्लं घातलीत, म्हणून तर हुसकावत नाही." उत्तर मिळालं. अशीच उत्तरं न धुतलेल्या कूलरची, ओल आलेल्या भिंतीची आणि मिसेसने पाळलेल्या लव्हबर्ड्सची असतात.

रक्ताच्या चाचण्या या उत्तरांवरून ठरतात: संधिवाताचे घटक, एएनए (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटली आहे का, याचा अंदाज देणारी चाचणी), इम्युनोग्लोब्युलिनची (रक्तातल्या संरक्षक प्रथिनांची) पातळी, एचआयव्ही. बायोप्सी सगळ्यांना लागत नाही. दुर्बिणीतून घेतलेला कण बऱ्याचदा इतका लहान असतो की त्यात बिघडलेली नळी येतच नाही. शस्त्रक्रियेने तुकडा घ्यायचा निर्णय विचारपूर्वक, आणि उपचार बदलणार असेल तरच.

कारणानुसार उपचार

*संसर्ग.* मोठ्या माणसाला विषाणूमुळे झालेला ब्राँकिओलायटिस बहुधा आपोआप उतरतो. पाणी, आराम, लागला तर ऑक्सिजन. फ्लू असेल तर ओसेल्टामिव्हिर ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, आणि तेही पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर खरा फायदा. मायकोप्लाझ्मा हा जंतू असेल तर अझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन. खोकला नंतर काही आठवडे रेंगाळतो, म्हणून दर आठवड्याला अँटिबायोटिक बदलू नये. मात्र दोन-तीन महिन्यांनी दम वाढतच असेल तर पीएफटी पुन्हा करा. अडेनोव्हायरस आणि मायकोप्लाझ्मा मागे वण ठेवून जाऊ शकतात. औषधाच्या रिअॅक्शनमुळे कातडी सोलण्याचा गंभीर आजार झालेल्यांनाही हाच धोका असतो.

*धूम्रपान.* रेस्पिरेटरी ब्राँकिओलायटिस हा जवळजवळ फक्त ओढणाऱ्यांचा. फुप्फुसाच्या वरच्या भागात धूसर ठिपके दिसतात. उपचार एकच, ओढणं बंद. इथे स्टिरॉइड लिहिलेलं दिसलं तर दुसरं मत घ्या. 'मी सिगारेट नाही ओढत, फक्त विडी' हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. विडी यात सूट देत नाही. निकोटिन गम किंवा व्हॅरेनिक्लिन डॉक्टरांना विचारून घ्या, आणि १८००-११२-३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर फोन करता येतो, फुकट.

*कबुतरं, कूलर, भुसा.* हा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, ज्यात बारीक नळ्याही सुजतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या आयएलडी (फुप्फुसाच्या आतल्या ऊतीचे आजार) नोंदणीत १,०८४ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना हाच आजार होता आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी होता. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उसाच्या बुरशी आलेल्या चिपाडामुळे होतो, त्याला बॅगॅसोसिस म्हणतात. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जो गदारोळ झाला त्यात धर्म आणि राजकारण फार बोललं गेलं, फुप्फुसाबद्दल कमी.

उपचाराचा क्रम इथे महत्त्वाचा: आधी संपर्क तोडायचा, मग गोळी. घरटं काढताना रुग्णाने स्वतः काढू नये. दुसऱ्याने एन-९५ मास्क लावून, विष्ठेवर पाणी शिंपडून, ओलं करून काढावी. कोरडी झाडली तर सगळी धूळ घरात. मग जाळी बसवायची. सूज ताजी असेल तर प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडची गोळी) काही आठवडे देऊन हळूहळू कमी करतात आणि फरक दिसतो. कबुतरं तिथेच ठेवून स्टिरॉइड चालू ठेवलं तर गोळी बंद केल्या केल्या दम परत.

*संधिवात आणि प्रतिकारशक्ती.* ऱ्हुमॅटॉइड संधिवातात दोन्ही प्रकार दिसतात. नळीभोवती पेशींच्या गाठी जमणारा फॉलिक्युलर प्रकार मूळ संधिवात आटोक्यात आणला की बराच निवळतो. वण पडणारा प्रकार हट्टी असतो; त्यात पंप, मॅक्रोलाइड (अझिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांच्या गटातलं औषध), संधिवाताच्या औषधात बदल असे प्रयोग होतात, यश कमी-जास्त. रुग्ण पेनिसिलामिनवर किंवा सोन्याच्या इंजेक्शनवर असेल तर ती थांबवायची. जैविक औषधं (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग दाबणारी, संधिवाताची नवी औषधं) सुरू करण्याआधी सुप्त क्षयाची तपासणी टाळू नका. ज्यांच्या रक्तात इम्युनोग्लोब्युलिनच कमी आहे त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी ते शिरेतून देतात. हे महाग पडतं, पण याच रुग्णांना स्टिरॉइडवर ठेवणं म्हणजे आगीत तेल.

*आम्ल आणि ठसका.* पक्षाघात झालेले, पार्किन्सन असलेले आजोबा, रात्री उशिरा भरपेट जेवून आडवे होणारे मध्यमवयीन गृहस्थ. अन्नाचे कण आणि आम्ल थोडंथोडं फुप्फुसात जात राहतं. ठिपके खालच्या भागात जास्त. जेवणानंतर तीन तास आडवं न होणं, पलंगाचं डोकं सहा इंच उचलणं, गिळण्याची तपासणी, घट्टसर पातळ पदार्थ आणि दात-तोंड स्वच्छ ठेवणं हाच खरा उपचार. आम्लाच्या गोळीने आम्ल कमी होतं, वर येणं थांबत नाही.

*वायू.* २००० साली अमेरिकेत मिसूरीतल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या आठ माजी कामगारांना ऑब्लिटरेटिव्ह ब्राँकिओलायटिस असल्याचं पुढे आलं. दोषी निघालं लोण्याचा वास देणारं डायअॅसिटिल. इराण-इराक युद्धातल्या मस्टर्ड गॅसचे रुग्ण आजही याच दुखण्याने झुंजतात. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेतून वाचलेल्या अनेकांच्याही बारीक नळ्यांना कायमची इजा झाली. तैवानमध्ये १९९० च्या दशकात वजन उतरवण्यासाठी एका झुडपाच्या कच्च्या पानांचा रस पिऊन लोकांचं फुप्फुस गेलं. तेच झुडूप आपल्याकडे नर्सरीत 'मल्टिव्हिटॅमिन प्लांट' म्हणून विकतात. भाजीत चार पानं शिजवणं वेगळं आणि रोज ग्लासभर कच्चा रस पिणं वेगळं.

घराजवळची उदाहरणं आणखी साधी आहेत: सोनं-चांदी शुद्ध करताना नायट्रिक अॅसिडमधून निघणारा तांबूस धूर, शीतगृहातली अमोनिया गळती, बाथरूममध्ये ब्लीच आणि अॅसिड एकत्र ओतून तयार झालेला क्लोरीन. तांबूस धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड फसवा आहे. त्या दिवशी खोकला येतो, उतरतो, माणूस कामावर जातो आणि दोन ते सहा आठवड्यांनी दुसरा, जास्त वाईट झटका येतो. म्हणून वायू लागल्यावर बरं वाटलं तरी दीड महिन्याने पीएफटी करून घ्यावी. या दुसऱ्या टप्प्यात लवकर दिलेलं स्टिरॉइड उपयोगी पडल्याचा अनुभव आहे. वण पक्के झाल्यावर ते काही करत नाही. त्या कामावर परत जायचं नाही, ही उपचारातली सगळ्यात अवघड ओळ. ईएसआयमध्ये असाल तर पहिल्या दिवसापासून कागद जपा.

*प्रत्यारोपणानंतर.* बोन मॅरो दुसऱ्याकडून घेतलेल्यांमध्ये दात्याच्या पेशी रुग्णाच्या नळ्यांवर हल्ला करतात. बहुधा पहिल्या दोन वर्षांत, गुपचूप. एफईव्ही-वन (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) अपेक्षित आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली गेला आणि संसर्ग नसेल तर संशय पक्का. म्हणून तक्रार नसली तरी दर तीन महिन्यांनी फुंकायची तपासणी. फ्लुटिकासोनचा पंप, आठवड्यातून तीनदा अझिथ्रोमायसिन, रात्री माँटेलुकास्ट आणि सुरुवातीला स्टिरॉइडचा छोटा कोर्स, असा प्रघात आहे. पुरला नाही तर रुक्सोलिटिनिब किंवा बेलुमोसुडिल ही औषधं, नाहीतर फोटोफेरेसिस (रक्तातल्या पेशी बाहेर काढून, त्यांवर किरण सोडून परत देणं). एक सावधगिरी: फ्रान्समधल्या एका अभ्यासात हा आजार होऊच नये म्हणून सगळ्यांना आधीपासून अझिथ्रोमायसिन दिलं तेव्हा मूळ रक्तकर्करोग उलटण्याचं प्रमाण वाढलं आणि २०१८ मध्ये अमेरिकी एफडीएने इशारा दिला. म्हणजे झालेल्या आजारावर, रक्ततज्ज्ञांच्या संमतीने, आगाऊ नाही. फुप्फुसच बदललेल्यांमध्ये प्रत्यारोपणानंतरच्या सर्वोत्तम आकड्यापेक्षा २० टक्के घट दिसली की टीमला त्याच दिवशी कळवायचं.

*डिफ्यूज पॅनब्राँकिओलायटिस.* जुनाट सायनस, रोज पेलाभर कफ, दोन्ही फुप्फुसांत ठिपके. जपान-कोरियाचा आजार, आपल्याकडे विरळा, पण त्याच्या उपचाराने सगळ्या शाखेला शिकवलं. १९७० च्या दशकात निदानानंतर पाच वर्षं जगणारे सुमारे ६३ टक्के होते. १९८० च्या दशकात शोजी कुदोह यांनी रोज ४०० ते ६०० मिलिग्रॅम एरिथ्रोमायसिन अनेक महिने द्यायला सुरुवात केली आणि हा आकडा ९० च्या वर गेला. हा डोस जंतू मारायला अपुरा आहे. औषध इथे सूज आणि चिकट स्राव कमी करतं. सहा महिन्यांआधी हात टेकायचे नाहीत. चांगला फरक पडला तर दोन वर्षांपर्यंत.

दीर्घकाळ मॅक्रोलाइड, मग ते कुठल्याही कारणासाठी असो, सुरू करण्याआधी ईसीजी काढून क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातलं एक अंतर, ते लांबलं तर लय बिघडू शकते) बघायचा, चालू गोळ्यांची यादी दाखवायची (वॉरफरिन, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, टॅक्रोलिमस यांच्याशी एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन भांडतात), कानात गुणगुण आहे का विचारायचं, आणि बेडका एनटीएम (क्षयाच्या जंतूंचे नातलग) जंतूंच्या कल्चरला पाठवायचा. ते जंतू असताना एकटं अझिथ्रोमायसिन दिलं तर जंतू त्याला दाद देणं सोडतात आणि पुढचा उपचार अतोनात अवघड होतो. कल्चरला सहा-आठ आठवडे लागतात म्हणून ही पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो.

वर्षानुवर्षं 'दमा' म्हणून उपचार घेणाऱ्या, कधीच न ओढलेल्या मध्यमवयीन बायकांत क्वचित डिपनेक नावाचा (बारीक नळ्यांत एका प्रकारच्या पेशी वाढत जाणारा) आजार निघतो, त्याला ऑक्ट्रिओटाइडसारखं औषध लागतं. आतड्याच्या सुजेबरोबर आलेला ब्राँकिओलायटिस मात्र स्टिरॉइडला बहुधा चांगला उत्तर देतो.

शेवटची पायरी: औषध लागू पडतंय का, हे आकड्यात बघा

'बरं वाटतंय' यावर विश्वास ठेवू नका. स्टिरॉइडने दोन आठवडे सगळ्यांनाच बरं वाटतं. उपचार सुरू करतानाचा एफईव्ही-वन आणि सहा मिनिटं चालण्याची चाचणी लिहून ठेवा, तीन महिन्यांनी त्याच यंत्रावर पुन्हा करा. वणाच्या आजारात आकडा जागच्या जागी राहिला तरी ते यश. स्टिरॉइडने तीन महिन्यांत आकडा हलला नसेल तर ते औषध सावकाश कमी करून बंद करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला, एकदम मात्र सोडू नका.

फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकॉकलची वेळापत्रकाप्रमाणे. फुप्फुसाचे व्यायाम नियमित, शक्यतो फिजिओथेरपिस्टकडून शिकून. बसल्या जागी ऑक्सिजन ८८ टक्के किंवा खाली राहत असेल तर घरच्या ऑक्सिजनची गरज तपासावी लागते. आणि तरुण वयात एफईव्ही-वन ३० टक्क्यांच्या आसपास घसरत चालला असेल तर फुप्फुस प्रत्यारोपण केंद्राची भेट चालता-फिरता असतानाच घ्या. नाव यादीत लागायला, तपासण्या व्हायला वेळ जातो, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ही केंद्रं बहुधा घेत नाहीत.